सतराने भाग जातो

"भागून पाह्य, मंग बोल." कोणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की आमचे गणिताचे सर असं म्हणत आणि हवेत बोटाने भागाकाराची रेघ ओढत. मुलांनो, रिसोडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तेव्हाचे हे माझे सहकारी. भाजीवाली "मेथी ताजी हाय" म्हणाली, तरी त्यांचं बोट उठायचं.

त्यांची एक लाडकी संख्या होती. तुम्हीही पाहा. ३१ ला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. डावीकडे एकेक तीन वाढवत जा: ३३१, ३३३१, ३३३३१. आठ अंकांपर्यंत हेच. ते सगळं सरांनी हाताने तपासलं होतं. अख्खी उन्हाळ्याची सुटी त्यात गेली होती. मग आणखी एक तीन लावून त्यांनी शाळेच्या फाटकाजवळच्या भिंतीवर ठसठशीत रंगवून घेतलं: ३३,३३,३३,३३१. खाली लिहिलं, 'हिला कशानेही भाग जात नाही.'

एकदा आठवीच्या वर्गात शिंप्याची नाजनीन उभी राहिली. मी शेजारच्याच वर्गात होते, सगळं ऐकू येत होतं.

"सर, ते भिंतीवरची... तिले सतरानं भाग जाते."

"खाली बस."

"सर, मी दोनदा करून..."

"खाली बस म्हटलं ना! मले शिकवून राह्यली काय?"

वर्ग हसला. मधल्या सुटीत पोरं तिला "ओ सतरा!" अशा हाका मारू लागली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

काही दिवसांनी शाळा सुटल्यावर सर मला रिकाम्या वर्गात दिसले. फळा भागाकाराने भरला होता. उत्तर १,९६,०७,८४३, बाकी शून्य.

"एवढ्या साऱ्या खऱ्या निघाल्या," ते फळ्याकडेच बघत म्हणाले, "मंग हे कायले खोटी निघंन, असं वाटलं. बाई, मी भागूनच नाई पाह्यलं." मग खडू खाली ठेवत, "तुमी चाला माह्यासंगं. एकट्यानं जाववत नाई."

दुकानात आम्हाला पाहताच नाजनीनचे वडील मशीनवरून उठले आणि त्यांनी हात जोडले. "सर, बच्ची हाय, चुकली असंन. माफ करा तिले."

सरांची मान जी खाली गेली, ती मी कधी विसरणार नाही. "ते नाई चुकली, भाई. मी चुकलो."

पडद्याआडून आवाज आला, "मंग भिंतीवर काय लिहाचं, सर?"

"तूच लिह्य."

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं: = १७ × १,९६,०७,८४३. रंगाचा डबा सरांनी धरला होता. पोरांच्या हाका बंद झाल्या.

पण त्यानंतर सर पुढच्या फाटकाने कधी आले नाहीत. मागे पाण्याच्या टाकीजवळ कुंपण तुटलं होतं, तिथून येत. हवेत रेघ ओढणंही थांबलं. मी एकदा म्हटलं, "सर, आता तर भिंतीवर बरोबर लिहिलंय."

"संख्या बरोबर झाली, बाई. मी तिले 'खाली बस' म्हटलं, ते कुठून पुसू?"

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा मी शाळेत गेले होते. टाकीजवळची पायवाट गवताने बुजून गेली आहे. तिथून ते एकटेच तर चालत.