मामांचा मधला माळ

मामांना पक्ष्यांचं काहीही पडलेलं नव्हतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून नातेवाईक ग्रुपवर त्यांना 'पक्षीमित्र' म्हणताहेत. ते तसे नव्हते, म्हणून लिहितेय.

मामा कतारला, दोह्यात स्कूलबस चालवायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मी कॉन्ट्रॅक्टवर इथे आले, तेव्हा एअरपोर्टवर न्यायला तेच होते. शुक्रवारी ते अल सद्दला माझ्याकडे जेवायला यायचे.

कधी कधी आम्ही समैस्माला समुद्रावर जायचो. मी दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर. ते गाडीत एसी लावून, मामीशी व्हिडिओ कॉलवर.

"झाले का तुझे बगळे बघून?"

"फ्लेमिंगो आहेत, मामा."

"असू देत. यल्ला, चल आता, भूक लागली."

सोलापूर जिल्ह्यात आमच्या गावाकडे त्यांचा एक माळ आहे. मुरमाड. पीक येत नाही. पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत, बस.

आमच्या तालुक्यातली एक संस्था असे माळ सांभाळते. काही विकत घेते, काहींचा करार करते. करार केला तर जमीन मालकाच्याच नावावर राहते. फक्त नांगर घालायचा नाही, प्लॉट पाडायचे नाहीत. वेडी बाभूळ संस्था काढते. मेंढ्या एका वेळी एकाच तुकड्यात चरतात, कारण धाविक, चंडोल, टिटवी हे सगळे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात.

मामांच्या माळाच्या दोन्ही बाजूंचे माळ संस्थेकडे होते. मधला मामांचा. तिथे प्लॉट पडले असते, तर ते दोन्ही एकमेकांपासून तुटले असते.

मी मामांच्या मागे लागले. ते कितीतरी महिने "इन्शाल्ला" म्हणत राहिले. त्याचा इथला अर्थ 'बघू कधीतरी', हे गल्फमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको.

मग एकदा सुट्टीवरून परत आल्यावर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी जेवताना त्यांनी मोबाइल पुढे केला.

माळभर कडुनिंबाची रोपं. हाताभर वाढलेली.

"घे. तुझ्या पक्ष्यांची सोय केली."

मी फोटो संस्थेच्या वैभवला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. मी फोन ठेवला, तेव्हा मामांचं ताट अजून पुढेच होतं.

"मामा, झाडं काढावी लागतील."

"काय? सगळं जग झाडं लावा म्हणून बोंबलतंय, आणि तुम्ही उपटा म्हणता?"

"मोठी झाली की त्यावर शिकरा बसणार. त्याला वरून सगळी पिल्लं दिसतात, तो ती उचलतो."

मामा भात कालवत राहिले.

"म्हणजे मी शिकऱ्याला माडी बांधून दिली."

खरी चिडली मामी. पावसानं उघडीप दिल्यावर डोक्यावर हंडे वाहून तिनंच ती रोपं जगवली होती. "दोह्यात बसून उपटा म्हणायला काय जातंय ह्यांचं?" शेवटी तिनंच ती मुळासकट काढून शाळेभोवती लावली.

त्यानंतर मामांनी वैभवला होकार कळवला.

मी विचारलं, आता कसं काय?

"एवढा तमाशा झाल्यावर मागं कशाला फिरायचं?"

सही गावाला जाऊनच करायची होती. तिकीट काढलं होतं.

त्याआधी एका सकाळी, बस काढायच्या वेळेला, ते उठलेच नाहीत. रूममेटचा फोन आला. हॉस्पिटल, दूतावास, मामांना गावी न्यायला कार्गो. मी सगळं नीट केलं. रडायचं राहून गेलं.

मामांचा होकार तोंडी होता. आता निर्णय मामीचा. तेराव्यालाच प्लॉटिंगवाला दारात येऊन बसला.

मामीला पैशाची गरज होती. मी माळाचा विषयच काढला नाही. शेवटी तिचाच फोन आला.

"तू काहीच बोलत नाहीस ते?"

"मामी, जमीन तुमची आहे."

"ते मला ठाऊक आहे गं. विकली तर पैसा भावकी खाईल. माळ कुणाला खाता येत नाही. सांग त्या वैभवला, सही मी करते. पण गवत माझं."

वैभवनं मान्य केलं. एक अट घातली. पिल्लं उडाल्यावरच कापणी, आणि तीही मधून सुरू करून कडेकडे जायचं. कडेनं कापत आत गेलं, तर लपलेले पक्षी मधे कोंडतात.

"आमच्यात बांधापासून कापतात," मामी म्हणाली. "बरं. मधून तर मधून."

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. मधे कापलेला मोठा गोल, भोवती उभं गवत, आणि हातात विळे घेतलेल्या बायका.

"हसतायत बघ मला. म्हणतात, हिला बांधच सापडंना."

तिनं फोन फिरवला. गवताच्या कडेनं काहीतरी लहानसं तुरुतुरु पळत गेलं. कुठला पक्षी, मला ओळखता आला नाही.

"गेलं का?"

"गेलं, मामी."

"मग चला गं, लावा विळे."

मामा, तुमचा शब्द मामीनं पुरा केला. निवांत राहा.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.