ती आमच्याबरोबर नव्हती

परवा मधल्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका डबे उघडून बसलो होतो. एकीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात एक लहान मुलगा कठड्यावरून अस्वलाच्या आवारात पडला होता. वर उभी असलेली माणसं ओरडत होती आणि ओरडता ओरडता शूटिंगही करत होती. मुलगा वाचला की नाही ते व्हिडिओत नव्हतं. पण डबे संपायच्या आत आमचा निकाल लागला. एक म्हणाली, कठडा उंच नको का? दुसरी म्हणाली, पहारेकरी काय झोपले होते? तिसरी म्हणाली, "आई मोबाईलमध्ये गुंग असणार, दुसरं काय! अशा बायकांना पोरं होतातच कशाला?" मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "आईचंच लक्ष नसणार."

हे मी पहिल्यांदा बोलत नव्हते.

सात वर्षांपूर्वी मी श्रीगोंद्याकडच्या एका गावात सरकारी शाळेत शिक्षणसेविका होते. तीन वर्षं मानधनावर काढायची आणि त्या काळात काही ठपका आला नाही, तर नोकरी कायम व्हायची. माझे शेवटचे चार महिने राहिले होते. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता.

गावाच्या चारी बाजूंनी ऊस. हंगाम सुरू झाला की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, ओढ्याच्या कडेला कोप्या बांधून राहायच्या. त्यांची मुलं तेवढ्यापुरती आमच्या शाळेत बसायची. त्यांची नावं शाळेच्या पटावर नसत. एका वेगळ्या कागदावर लिहिलेली असत आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा.

त्या वर्षी माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. सात वर्षांची. खरं सांगायचं तर मला ती फारशी आवडत नसे. दुसऱ्यांच्या पेन्सिली चावून ठेवायची, पाढे म्हणताना मुद्दाम मोठ्यांदा ओरडायची. पण वजाबाकी तिला वर्गात सगळ्यात आधी यायची. आई रोज उसाच्या मोळ्या बांधायची आणि ही त्या मोजायची.

जानेवारीतली सकाळ होती. प्रार्थना चालू असतानाच बातमी आली की वनखात्याने लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. पिंजरा शाळेपासून दहा मिनिटांवर, एका तुटलेल्या फडाच्या बांधावर होता. त्या बिबट्याने महिनाभरात तीन शेळ्या नेल्या होत्या, त्यामुळे सगळं गाव तिकडे लोटलं. मुलं वर्गात बसेनात. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, घेऊन जाऊ का? परिसर अभ्यास होईल." ते म्हणाले, "जा, पण फोटो काढा. उपक्रमाच्या ग्रुपवर टाकता येईल."

तिथे पाच-सहाशे माणूस तरी असेल. पिंजऱ्याभोवती चार झाडांना दोरी बांधली होती, पण दोरीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त लोक होते. बिबट्या गजांवर डोकं आपटत होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं. लोक त्याला उसाच्या कांड्यांनी ढोसत होते. तो गुरगुरला की हसत होते. एकाने बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. गाडी येईपर्यंत राखायला एकटा वनरक्षक होता, तरुण पोरगा. तो हात जोडून सगळ्यांना विनवत होता. मुलांची रांग पाहून तो माझ्याकडे धावत आला.

"मॅडम, पोरं नका आणू इथं. पाया पडतो तुमच्या."

"दोनच मिनिटं," मी म्हणाले. "एक फोटो काढते आणि निघते."

मी मुलांना दोरीच्या आत घेतलं. पिंजऱ्याकडे पाठ करून दोन रांगांत उभं केलं. गणवेश फक्त पटावरच्या मुलांना मिळायचा. फोटोत बरं दिसावं म्हणून गणवेशातली मुलं मी पुढे घेतली आणि तिला मागच्या रांगेत टोकाला उभं केलं. ती विटक्या हिरव्या फ्रॉकमध्ये होती, पाठीवर दप्तर होतं. सगळी मुलं मोबाईलमध्ये मावेनात. मी हाताने खूण करत म्हणाले, "जरा मागं सरका. अजून थोडं. अजून."

पलीकडच्या बाजूने कुणीतरी जोरात कांडी खुपसली. बिबट्या गर्रकन वळला आणि गजांमधून त्याचा पंजा बाहेर आला. तिचा उजवा हात त्याने आत ओढला. ती ओरडली तेव्हा मला आधी वाटलं, नेहमीसारखी मुद्दाम ओरडतेय.

लोक मागे पळाले. मुलं माझ्या साडीला लटकली. पुढे झाला तो एकटा वनरक्षक. त्याने एका हाताने तिच्या कमरेला विळखा घातला आणि दुसऱ्या हाताने बिबट्याच्या तोंडावर काठी मारत राहिला. त्याचाही दंड फाटला, पण त्याने तिला सोडवलं. तिला कुणाच्या तरी जीपमध्ये घालून नगरला नेलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी हात मनगटाच्या वर कापला होता.

मी मुलांना शाळेत आणलं, पाणी प्यायला लावलं आणि मोबाईलमधले चारही फोटो पुसून टाकले.

मुख्याध्यापक मला ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, तुमचे किती महिने राहिले?"

"चार."

त्यांनी काच उचलली, तो कागद काढला, चार घड्या करून खिशात घातला. "तिचं नाव पटावर नाही. आज ती शाळेत आलीच नाही. आईबरोबर फडात होती, तिथून एकटीच गेली. समजलं?"

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं दार लावून घेतलं. आजही मला रात्रीबेरात्री नाही, चांगलं दिवसाढवळ्या, पाढे घेताना ते आठवतं. मी विचारलं, "ती काल आपल्याबरोबर होती का?" मुलं गोंधळली. काही म्हणाली, होती. मी म्हणाले, "नव्हती. म्हणा, नव्हती." पाढे म्हणतात तशी सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "नव्हती." मी तीनदा म्हणून घेतलं. तिच्याजवळ बसणारी मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण ती माज्या शेजारी उभी हुती की." मी तिला पुढे बोलावलं आणि हातावर दोन पट्ट्या मारल्या. मग परत विचारलं. ती रडत म्हणाली, "नव्हती."

तोवर गावात आणि मोबाईलवर एकच चर्चा होती, चूक कुणाची? कुणी म्हणे वनखात्याची, पिंजरा रातोरात हलवायला हवा होता. शहरातून कुणीकुणी लिहीत होतं की मुक्या जनावराचा काय दोष, त्याला सोडून द्या. पण दोन दिवसांत सगळ्यांचं एकमत झालं. "ऊसतोडीवाले पोरांना वाऱ्यावर सोडतात. आईबापावरच गुन्हा दाखल करा." गावाच्या ग्रुपवर हा मजकूर आला, तेव्हा त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझा होता.

पाचव्या दिवशी ग्रामसभा भरली. वनखात्याचे साहेब आले होते. मुलीचा बाप नगरला दवाखान्यात होता. आई धाकट्या बाळाला आणि कपडे न्यायला कोपीवर आली होती, तिला तशीच बोलावून आणली. पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, कडेवर बाळ. तिला कुणी बस म्हणालं नाही.

एका पुढाऱ्याने विचारलं, "पोरगी कुठं हाय, कुठं न्हाई, तुला काय ठावं नव्हतं?"

"शाळंत धाडली व्हती," ती म्हणाली. "म्या सवता सोडून आल्ते."

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी ती शाळेत आली नव्हती. वर्गशिक्षिका इथं आहेत. काय मॅडम?"

मी उभी राहिले. "नव्हती आली. ती आमच्याबरोबर नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. काहीतरी ऐकण्यात चूक झाली असावी, तसं तिचं तोंड झालं होतं. "बाई, आवं तिच्या पाठीवर दप्तर व्हतं. दवाखान्यात रगताचं दप्तर माझ्याकडं दिलं त्यांनी. शाळंत न्हाई आली तर दप्तर कशाला घेतलं तिनं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बिबट्याला पाढं शिकवाया गेली असंल!"

सभा हसली. खरंच हसली, मोकळेपणाने, चार-पाच दिवसांचा ताण गेल्यासारखी. मुख्याध्यापकही हसले. माझ्याही चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार, कारण ती त्यानंतर माझ्याकडे बघायची थांबली. एक म्हातारी बाई तिला म्हणाली, "जन्माला घालता आन् जनावरापुढं टाकता. वर बाईंवर आळ घेती." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघाली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं, थांबही म्हणालं नाही.

चौकशी झाली. माझा जबाब अर्ध्या पानाचा होता. पालकांचा निष्काळजीपणा आणि गर्दी आवरण्यात वनरक्षकाची कसूर, असं चौकशीत ठरलं. तो वनरक्षक टाके घातलेल्या दंडानिशी निलंबित झाला. ती मुलगी शाळेच्या रांगेतच होती, असं त्याने जबाबात सांगितलं होतं, पण तो स्वतःचा बचाव करतोय असं सगळ्यांना वाटलं. मुलगी आपणहून पिंजऱ्याजवळ गेली म्हणून तिला भरपाई नाकारली. ज्यांनी बिबट्याला ढोसलं, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. मुकादमाने ते कुटुंब त्याच आठवड्यात टोळीतून काढून टाकलं. चार महिन्यांनी मी कायम झाले. शाळेत पेढे वाटले.

मागच्या वर्षी पाथर्डीला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यांचं गाव तिथून जवळ आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जीपमध्ये बसले. का गेले, हे मला नीट सांगता येणार नाही. माझी स्वतःची मुलगी पहिलीत जायला लागली होती, एवढंच सांगते.

पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आई दारात तूर पाखडत होती. तिने मला लगेच ओळखलं. "बाई," एवढंच म्हणाली आणि पाखडत राहिली. मुलगी आतून पाणी घेऊन आली. तेरा वर्षांची, उंच झालेली. उजवी बाही खाली सोडलेली, टोकाला गाठ. तिने मला ओळखलं नाही. मी तिला विचारलं, "शाळेत जातेस?"

"चौथीनंतर सोडली."

"तुला तो दिवस आठवतो?"

"माझीच चूक व्हती," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. "आयला न सांगता बिबट्या बघाया पळाले. शाळंत गेलेच नव्हते त्या दिशी."

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "समदी तसंच म्हणत्यात. तिचा बाप म्हणतो, आजी म्हणती. तिलाबी आता तसंच वाटतं."

मी म्हणाले, "तू शाळेत आली होतीस. मी तुला नेलं होतं. मीच मागं सरक म्हणाले होते." मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. ती रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

आई उठली. हात झटकून म्हणाली, "ह्ये त्यांच्याम्होरं बोला. लेकराचा हात म्या घालवला म्हनून सा वर्सं हाणत्यात मला." तिने नवऱ्याला शेजारून बोलावून आणलं. त्याच्यापुढे मी सगळं परत सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत होता. माझं झाल्यावर तो माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "मंग तवा सभंत तुला त्वांड नव्हतं का? तवाच बोलली असतीस तर ह्यो वकूत आला असता व्हय?"

"त्या बोलल्या होत्या," मी म्हणाले. "खोटं मी बोलले."

"तुमी शिकलेली मान्सं," तो म्हणाला. "तुमचं काय बी खरं." आणि उठून गेला.

तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मग आतून एक जुनी वही आणि पेन घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली. "बाई, कागदावर लिव्हून द्या. सही करून. म्या ठिवते. परत हाणाया लागले की पोरीकडनं वाचून दाखवीन. दुसरं काय नगं मला."

मी वही मांडीवर घेतली. पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मनात आलं, हा कागद उद्या कुणाच्या हातात पडेल, माझ्या मुख्याध्यापकांपर्यंत, खात्यापर्यंत. मी घड्याळात पाहिलं. "साडेचारची जीप आहे ना? चुकली तर पंचाईत होईल. मी घरी गेल्यावर व्यवस्थित लिहून पाठवते."

तिने मुलीला हाक मारली आणि पत्ता लिहून द्यायला सांगितला. मुलीने वही जमिनीवर ठेवली, कोपराने दाबून धरली आणि डाव्या हाताने सावकाश पत्ता लिहिला. पान फाडताना ते जरा तिरकं फाटलं, म्हणून तिने मला विचारलं, "परत लिव्हू का?"

मी म्हणाले, "नको, वाचता येतंय."

तो कागद माझ्या पर्समध्ये आतल्या कप्प्यात आहे. त्याला आता वर्ष झालं. मी काही पाठवलेलं नाही.