दुसऱ्याच्या सहीखाली

थोरल्याचा बायोडेटा लिहायचं काम आईनं आपणहून अंगावर घेतलं. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं तिनं साऱ्या दुनियेचे अर्ज लिहून दिले होते. पोटच्या पोराचा लिहायला काय जड? पाणीपुरवठा खात्यात प्रयोगशाळा सहायकाची एकच जागा निघाली होती, आणि अर्ज आज संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा होता. स्वतंत्रपणे चाचण्या केल्याचा पाच वर्षांचा अनुभव असला, तर पदवीची अट माफ.

जाहिरात जणू थोरल्याला समोर बसवूनच लिहिली होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी तो आपटला, तो पुन्हा परीक्षेच्या वाटेला गेला नाही. एका वयस्क केमिस्टसाहेबांच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली लागला आणि नऊ वर्षं तिथेच चिकटला. बोलणं इतकं मोजकं, की धाकटी बहीण त्याला ‘ड्रॉपर’ म्हणायची. एका वेळी एकच थेंब. पण त्याच्या हाताला डोळे होते. लाल पाणी ज्या थेंबाला निळं होतं, नेमक्या त्याच थेंबाला त्याची बोटं काचेच्या नळीची तोटी बंद करत. गेल्या महिन्यात साहेब लॅबला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले, आणि थोरला घरी बसला.

आईनं टाइप केलं, ‘नऊ वर्षं पाण्याच्या सर्व चाचण्या स्वतंत्रपणे केल्या,’ आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

“हे खोड.”

“का? खोटं आहे?”

“खरंय. म्हणूनच खोड.”

“अरे, बोलेल त्याची बोरं विकतात. तू असा मुखदुर्बळ राहिलास तर—”

“आई, अर्जाला जुने रिपोर्ट जोडायला सांगितलेत. त्यांच्यावर सही कुणाची?”

“साहेबांची. पदवीवाल्याचीच लागते ना?”

“ती मी केलीय.”

आईनं लॅपटॉप परत आपल्याकडे वळवून घेतला.

सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या उजव्या हातावरून वारं गेलं होतं. ‘आजच्या दिवस तू कर,’ ते म्हणाले, आणि तो आजचा दिवस काही संपला नाही.

“एकदा त्यांनी स्वतः सही केली,” थोरला म्हणाला, “तर गिऱ्हाइकानं रिपोर्ट परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे.”

धाकटी फिसकन हसली. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून आत गेली.

“तुला कळत नव्हतं हे?”

“कळत होतं. पण नाही म्हटलं असतं तर लॅब बंद, त्यांचं पोट बंद, माझंही. आकडा मात्र एकही मनानं लिहिला नाही मी. तुझी शपथ.”

“मग त्यांच्याकडून सर्टिफिकेट तरी माग. फोन लाव.”

“सकाळीच लावला. म्हणाले, ‘देतो की, बाळा. तू लिहून काढ आणि माझी सही ठोक.’”

दुसऱ्यांच्या अर्जांत अडलं की आईला नेहमी एखादा शब्द सापडायचा. तिनं ‘सहभाग घेतला’ लिहून पाहिलं. मग ‘देखरेखीखाली’. पण देखरेखीखालचं काम स्वतंत्र कसं? आणि स्वतंत्र म्हणावं, तर सह्यांचा प्रश्न दारात उभा. इकडे आड, तिकडे विहीर. हा आपणहून सांगत नव्हता, पण आपण का नाही कधी विचारलं, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

पाचला वीस मिनिटं उरली. ‘स्वतंत्र चाचण्यांचा अनुभव, वर्षे’ या चौकटीत आकडा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. थोरल्यानं लॅपटॉप ओढला, “शून्याला रिपोर्ट जोडावे लागत नाहीत,” म्हणत शून्य टाकलं आणि परत आईपुढे सरकवला. तिनं ते खोडलं नाही. खोडून लिहिणार काय होती?

खाली कामाचं स्वरूप विचारलं होतं. तिनं लिहिलं, ‘नमुन्याच्या बाटल्या धुणे.’

थोरला वाकला. “नुसतं धुणे नको लिहू. आधी ॲसिडनं, मग तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं.”

तिनं तसं लिहिलं.

“झाकणंही.”

तिनं झाकणंही लिहिली. मग त्यानं हात पुढे करून अर्ज पाठवायचं बटण दाबलं.