उसना कचरा

सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात हबीबभाई भंगारवाले. आंघोळ झालेली, धुतलेला शर्ट, केसांना तेल.

"बाई, थोडा कचरा उसना पायजे होता."

आतून हे म्हणाले, "उसना म्हणजे परत आणून देणार का?"

"हाव साहेब. संध्याकाळी. घेतला तेवढा."

झालं होतं असं. लोहाऱ्याला कचऱ्यापासून वस्तू बनवणारा मोठा कारखाना उभा राहिला होता. नागपूरचे पाहुणे येऊन बटण दाबणार होते, आणि कारखान्यात कचराच नव्हता. आमच्या यवतमाळात शिळंपाकं गाईला जातं, रद्दी-लोखंड हबीबभाईंना. उरतं काय? म्हणून मॅनेजरने त्यांनाच निरोप धाडला, ठेलाभर कचरा आणा. ठेल्यासकट आणा, फोटोत बरा दिसेल.

हबीबभाई आधी नेरला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधत. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं. निघताना मालकाने मोडक्या ढकलगाडीची चार चाकं दिली. त्यांवर फळ्या ठोकून हा ठेला झाला. पोरगी आरिफा डी.एड. झाली ती याच ठेल्यावर.

"ठेला मांगून राह्यले, त्याचीच धास्ती हाय," ते म्हणाले. "तुमी संगं चाला बाई. शिकेल माणूस पाहून नीट वागतीन."

कचऱ्यासाठी गल्लीत फिरलो. पाहुणे येणार म्हटल्यावर शेजारच्या पद्मजाताई म्हणाल्या, "मग असा कसा देऊ? मोठी माणसं पाहणार." त्यांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन, घड्या घालून दिल्या. ते पाहून समोरच्यांनी करवंट्या घासल्या. मीही फुटक्या कुकरला राख लावली, खोटं कशाला बोलू. निघताना ठेल्यावर रुखवत मांडल्यासारखं दिसत होतं.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "मॅडम, हा कचरा आहे?"

"आमच्या गल्लीत असाच असतो," मी म्हणाले.

शेवटी शिपायाने बादलीत माती कालवली आणि सगळ्यावर शिंपडली. पद्मजाताईंनी पाहिलं असतं तर त्या दिवशी जेवल्या नसत्या.

मग ठेला तसाच उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवला, झेंडूचा हार घातला. हबीबभाई दांडा सोडेनात.

"साहेब, उतरवान ना?"

"फोटो झाला की लगेच. लोडशेडिंग आहे, पट्टा चालतोय कशाला? पाहुणे नुसतं बटण दाबतील."

पाहुणे कचऱ्याच्या सोन्याबद्दल बरंच बोलले. माझ्यामागे एकजण पुटपुटला, "बाजारात कापसाच्या गाड्या रात्रंदिवस रांगेत उभ्या हायत, त्यायले कोणी हार नाही घातला." बटण दाबलं, टाळ्या झाल्या, मंडळी नाश्त्याला गेली. हबीबभाई हलले नाहीत. त्यांचा चहा घेऊन मी परत येत होते, आणि लाइट आली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच वेळेआधी.

बटण दाबलेलंच होतं. ठेला हारासकट निघाला. हबीबभाई दांडा धरून त्याच्या बाजूने चालू लागले, रोज गल्लीतून चालतात तसेच. पट्ट्याच्या टोकाला कचरा दाबून गठ्ठे बांधणारा प्रेस होता; त्याच्या तोंडाशी शिपायाने त्यांना ओढून बाजूला घेतलं. मॅनेजर "बंद करा, बंद करा" म्हणत धावला, पण बंद करायचं बटण ठाऊक असलेला माणूस पोहे खात होता.

पलीकडून पट्ट्या आवळलेला चौकोनी गठ्ठा बाहेर आला. एका कोपऱ्यातून झेंडूचं फूल, दुसऱ्यातून अर्धं चाक. हबीबभाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पट्टी बोटाने ताणून पाहिली.

"गठाण कसून बांधली," ते म्हणाले.

पाहुणे हात पुसत आले. हबीबभाईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मॅनेजर म्हणाला, "याचं बाकडं करू आपण, हबीबभाई. बगिच्यात ठेवू, तुमच्या नावानं." फोटोवाल्याने त्यांना गठ्ठ्याशेजारी उभं केलं. पाहुण्यांनाही काहीतरी बोलणं भाग होतं.

"सांगा, आणखी काय करू तुमच्यासाठी?"

हबीबभाईंनी नारळ माझ्या हातात दिला. शालीची घडी घातली.

"साहेब, मले चार चाकं द्या. फळ्या मी ठोकून घेईन."