शुक्रवारचे काका

बेंगळुरूत व्हाइटफील्डला राहायला आल्यावर ऑफिसची कामं सोडली तर माझं कुणाशी बोलणं नसायचं. नागपूरला कॉलेजात असताना मी रायफल शूटिंग करायचे, म्हणून मल्लेश्वरमजवळचा एक क्लब शोधला आणि दर शनिवारी सकाळी मेट्रोने तिकडे जायला लागले.

स्वतःची रायफल नव्हती. कोचसरांनी क्लबची एक एअर रायफल लावून दिली. तिच्या ट्रिगरची पाती, जिथे बोट टेकतं ती, पुढेमागे सरकते. बारीक स्क्रू सैल करायचा, बोटाला जमेल तिथे पाती आणायची, स्क्रू परत आवळायचा. माझी बोटं आखूड, म्हणून मी ती पार मागे, मुठीजवळ घेतली.

पुढच्या शनिवारी बघते तर पाती पुढे गेलेली. बोटाचं टोक जेमतेम टेकत होतं, ओढताना हात ताणला जायचा आणि नेम हलायचा. मी ती मागे घेतली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. वैतागून सरांना विचारलं.

"शुक्रवारी एक अंकल येतात," सर हिंदीत म्हणाले. "त्यांची बोटं लांब आहेत. क्लबची रायफल आहे मॅडम, दोघांना वापरायचीय."

सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. पाती पुढे दिसली की वाटायचं, चला, काल येऊन गेले.

एका शुक्रवारी सुट्टी होती, तर मुद्दाम गेले. उंच, सडसडीत, सत्तरीचे गृहस्थ बाकावर बसून रायफल पुसत होते. सरांनी मला नावाने हाक मारल्याबरोबर त्यांनी वर पाहिलं.

"मराठी काय तुम्ही? मग सर सांगत होते त्या ट्रिगर मागं नेणाऱ्या तुम्हीच की!"

मी ओशाळून हसले. ते मूळचे बेळगावचे. बायको गेल्यापासून एकटेच राहत होते. "घरात बसून काय करायचं? इथं निदान श्वास धरायला तरी कारण मिळतंय बघा," ते म्हणाले. आम्ही बाहेर उभ्याने कॉफी प्यायलो. बऱ्याच दिवसांनी मी इतका वेळ मराठीत बोलत होते.

निघताना ते म्हणाले, "उगं दर वेळी तुम्हाला त्रास. मी जाताना पाती मागं करून ठेवीन. मला बी आता तुमची जागा कळली."

"नको काका, मी करते की."

"राहू दे हो. स्वल्प काम आहे."

आणि त्यांनी शब्द पाळला. शनिवारी रायफल हातात घेतली की ट्रिगर अगदी माझ्या बोटाखाली यायचा. मी नेम धरायचे, मारायचे, घरी यायचे. माझे गुण सुधारले. शुक्रवारी रजा काढून एकदा भेटायला जावं असं मनात यायचं, आणि राहून जायचं.

शेवटी एका शुक्रवारी मी गेले तेव्हा बाक रिकामा होता.

"ते तर कधीच हुबळीला गेले, मुलीकडे," सर म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही?"

मला कसं कळणार? ते पाती मागे करून ठेवायचे तेव्हाही ट्रिगर तसाच असायचा, आणि ते यायचे बंद झाल्यावरही तसाच. मधले किती शनिवार मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होते, कोण जाणे.

सरांकडून नंबर घेतला आणि मेट्रो स्टेशनवरून फोन लावला.

"कोण?"

"काका, मी बेंगळुरूची. रेंजवरची."

"अरे, होय की! बोला, बोला!" ते मनापासून खूश झाले. माझे गुण विचारले. तिकडे शूटिंगची रेंज नाही म्हणाले. नातवंडं शाळेत जातात, जावई कामावर, दुपार जात नाही म्हणाले. मागे टीव्हीवर कन्नड बातम्या चालू होत्या.

"बरं, ठेवू का मग?" त्यांनी विचारलं.

"हो काका. तब्येत सांभाळा."

समोरची गाडी सुटली. मी पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच बसून राहिले.