वळून हसायचा शॉट

मालिकेच्या टायटलमध्ये सगळी माणसं पाठमोरी उभी राहून मग वळून का हसतात, हे मला कधी कळलेलं नाही. जणू आपण इतका वेळ त्यांना दिसतच नव्हतो.

दादा-वहिनीच्या लग्नाच्या पंचविशीला पुतणीने अगदी तसाच व्हिडिओ करायचं ठरवलं. गच्चीवर टेबलफॅन लावला आणि घरातल्या एकेकाला वळायला लावलं. लग्न न करता आमच्याच घरात जन्मभर राबलेली आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. तिला मात्र ते वळणं जमेना. आधी मान वळायची, मग खांदे, आणि हसू येईपर्यंत पंख्याने पदर तोंडावर यायचा.

"परत घे गं," ती दरवेळी म्हणायची.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधल्या पडद्यावर सगळे वळले. वर्षातून एकदा येणारा भाचा वळला, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा वळला आणि त्याचं नावही आलं. आत्याच्या जागी पोळी लाटणारे दोन हात आले. त्यांना ना चेहरा, ना नाव.

"टायटलमध्ये किचनचा एक शॉट लागतोच," पुतणी माझ्या कानात म्हणाली.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. ती मालिका बघून शिकली. आमचं घर बघून शिकली असती, तरी हाच शॉट घेतला असता.

टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीतली आत्या माझ्याकडे वळली, अगदी हवी होती तशी, पदर न उडता, हसत.

"हात छान आलेत ना गं माझे?"