अण्णांचं बूच आणि गळणारा गिझर

मी स्टुलावर, दातात टेस्टर, गिझरच्या बुडातून तपकिरी पाणी सरळ माझ्या कॉलरमध्ये चाललंय, आणि तेवढ्यात शेठचा फोन.

"गज्या, काय झालंय गिझरला?"

"टाकी गेलीय शेठ. नवाच लागतो."

"झकास. पंचवीस लिटर हाय-प्रेशर सांग. वायफायवाला."

शेठ म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. पालममध्ये आमचं इलेक्ट्रिकचं दुकान हाय, मी तिथं फॅन, मोटर, गिझर असलं सगळं दुरुस्त करतो. तर आधीच सांगतो, पाणी तापत न्हाई म्हणून लगेच नवा गिझर घेऊ नका. कॉइल जळली असंल, न्हाईतर थर्मोस्टॅट गेला असंल. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की करंट तोडणारी वस्तू. दोन्ही बदलून मिळतात, जुना गिझर मजेत चालतो. पण आतली टाकीच गळायली की विषय संपला. वेल्डिंग मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

घर सुमनकाकूंचं. त्यांची लेक वर्षा पहिल्या बाळंतपणाला आलेली. दुसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यातून लेकरू घेऊन घरी यायची होती. बाळ-बाळंतिणीला शेक-अंघोळ घालणारी मावशी आधीच दम देऊन गेलेली, बादलीतून वाफ न्हाई निघाली तर मी उंबऱ्यातूनच परत जाईन.

"आजच बसला पाहिजे गजू," काकू म्हणाल्या.

"आन स्वस्तात," आतून अण्णा. अण्णा म्हणजे काकूंचे मालक. बारा एकर शेती, आणि गावातली कुठलीबी मोटर उघडायची खाज. ते मोबाईल घेऊनच आले. "ह्यो बघ. तीन लिटरचा इन्स्टंट. निम्म्या पैशात."

इन्स्टंट म्हणजे पाणी साठवत न्हाई, वाहता वाहता तापवतो. भांडी घासायला लय भारी. पण सकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज असं पडतं की बल्ब पिकल्या लिंबासारखा दिसतो. तेव्हा इन्स्टंट गिझर नुसतं कोमट थुंकतो.

"अण्णा, ह्याच्या पाण्यानं मावशी तुमालाच अंघोळ घालंल."

काकू हसल्या. अण्णांनी मोबाईल खिशात घातला.

मी शेठला फोन लावला. "पंधरा लिटरचा साधा साठवणीचा पाठवा. एक बाथरूम हाय, गरम-थंड मिसळून दोन बादल्या आरामात निघतात."

"आणि हाय-प्रेशर?"

"ते उंच बिल्डिंगीला लागतं शेठ, वरच्या टाकीचं पाणी खाली जोरात येतं म्हणून. पालममध्ये सगळ्यात उंच देवळाचा कळस हाय. तिथं कोण गिझर बसवायलाय?"

"वायफाय तरी?"

"ह्यांच्या घरात मोबाईलची रेंज फक्त पायरीवर येती."

"तुला धंदा करायचा हाय का समाजसेवा?" शेठ म्हणाले, पण गिझर पाठवला. सोबत इन्स्टॉलेशनचं मोठं किट. त्यातलं निम्मं मी परत दिलं. जुनी वायर जाड होती, सॉकेट काळं पडलेलं नव्हतं, ते कशाला बदला? फक्त जोडायचे दोन पाइप नवे घेतले. तिथं कंजूषी करू नये.

मग जुना गिझर खाली उतरवला आणि उलटा करून बघितला.

थंड पाणी आत जातं तिथं एक सेफ्टी वॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, आत दाब वाढतो, तो वॉल्व्ह दोन-चार थेंब बाहेर सोडून दाब कमी करतो. ह्या वॉल्व्हच्या तोंडात एम-सील कोंबलेलं. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, गच्च आवळून, तारेनं पिळलेली.

"अण्णा, हे काय?"

"बूच."

"कुणी मारलं?"

"मीच. गळायलं होतं. टँकरचे दिवस काढलेत आमी, घरात थेंब गळू देत न्हाई." आणि वर, "काम बघ कसं हाय. एक थेंब न्हाई."

काम खरंच एक नंबर होतं. म्हणूनच टाकी फाटली.

"अण्णा, कुकरची शिट्टी तारेनं बांधून गॅस लावता का?"

अण्णा पिळलेली तार चाचपायला लागले.

"नशीब, टाकी खालून फाटली. फुटली असती तर? उद्यापासून हिच्याखाली वर्षाताई लेकरू घेऊन बसणार हाय."

काकूंनी नुसतं अण्णांकडं बघितलं. त्या बघण्यानं पंधरा लिटर पाणी आरामात तापलं असतं.

"पर पाणी वाया जातंच की," अण्णा हळूच म्हणाले. माणूस हटत न्हाई.

मी म्हणलं, पाइप लावून मोरीत सोडतो. काकू म्हणाल्या, "मोरीत कशाला? खिडकीतून काढ, खाली माझा कढीपत्ता हाय."

अण्णा उठले ते थेट गोठ्याकडं. येताना ठिबकची उरलेली नळी घेऊन आले. "मग ठिबकच करू."

नवा गिझर बसवला, त्याच्या वॉल्व्हला लावलेली नळी उतारानं खिडकीबाहेर काढली, तोंड उघडं ठेवलं, आणि अण्णांकडून कढीपत्त्याची शपथ घेतली की बूच मारणार न्हाई. दुसऱ्या दिवशी मावशीनं बादलीत बोट घातलं आणि चटकन बाहेर काढलं. म्हणजे पास.

महिनाभरानं अण्णांचा फोन. "गजू, तुझा वॉल्व्ह बिघडला. चार दिवस झाले, गळत न्हाई. झाडाखाली कोरडं ठक्क."

मी गाडीला किक मारली. वॉल्व्ह खरंच जाम झालेला, बोअरच्या खारट पाण्याचा पांढरा थर बसून. खटका उचलून साफ केला, जमंना तसा बदलूनच टाकला. आत वर्षाताई लेकराला पावडर लावायली होती.

गळत न्हाई म्हणून तक्रार करणारं आमच्या दुकानाचं हे पहिलं गिऱ्हाईक. शेठला अजून पटलेलं न्हाई.

तर गिझर लहान घ्या, साधा घ्या, वायफाय शेठच्या घरी राहू द्या. फक्त गळणारं गळू द्या. आणि कढीपत्ता लावा.